जामाईषष्ठीची गोळी

झरना हालदारच्या नवऱ्याची देवावर श्रद्धा होती, पण ती आंघोळीनंतर. सकाळी डोळा उघडला की पहिला हात जायचा तो उशाशी ठेवलेल्या पिवळ्या गोळीकडे. पोटातलं आम्ल कमी करणारी ही गोळी लाहिरी डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी लिहून दिली होती, चार आठवड्यांसाठी. चार आठवडे संपले, लाहिरी डॉक्टरही संपले, गोळी तेवढी चालू राहिली. प्रणवेशबाबूंनी डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये मढवून घेतली होती आणि गल्लीच्या तोंडावरचा औषधवाला ती न बघताच पाकीट पुढे सरकवायचा. त्याचा तरी काय दोष? अर्धं कृष्णनगर तीच गोळी खात होतं. लग्नाच्या जेवणाला निघताना लोक रुमाल घेतात, तशी ही मंडळी गोळी घ्यायची.

झरनाच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, भाऊजींचंही तसंच होतं. गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या दशमीला त्यांना रक्ताची उलटी झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. पोटात जखम होती. गोळीने जळजळ झाकून ठेवलेली, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. तेव्हापासून झरनाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: या माणसाच्या पोटात काय आहे ते मला कळलंच पाहिजे.

बसाक डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलणं रोखठोक. "काकीमा, काहींच्या पोटात एक जंतू असतो, तो जखम करतो. पिशवीत फुंकर मारायला लावून तपासता येतं. पण आधी चौदा दिवस ही गोळी बंद. नाहीतर जंतू असूनही नाही असं दिसतं."

पहिल्या खेपेला प्रणवेशबाबूंनी कालीमातेची शपथ घेतली. नवव्या दिवशी झरनाने छत्री उघडली, तर घडीतून अर्धं पाकीट अंगावर पडलं. तपासणीचं यंत्र कोलकात्याहून एक आड एक शनिवारी यायचं, त्या दिवशीची जागा फुकट गेली. डॉक्टरीणबाईंनी बोल लावला तो झरनाला. "आठ माणसं वाट बघत होती, काकीमा. जमणार नसेल तर आधी कळवत जा." जसं काही पोट झरनाचंच!

आता दुसरी खेप. दहा दिवस ढकलले होते. ढकलले ते झरनाने, प्रणवेशबाबू नुसते कण्हत होते. पाण्यात भिजवलेले मुरमुरे, कच्च्या पपईचा सपक रस्सा आणि वर दोन चमचे गुलाबी पातळ औषध, तेवढीच काय ती मुभा.

"झरना, इथे बघ, इथे हात लाव. निखारा ठेवलाय."

"तिथे तुमची बरगडी आहे."

"तुला कळायचं नाही. तुझं पोट म्हणजे लोखंडी कढई."

आणि अकराव्या दिवशी आली जामाईषष्ठी, जावयाला घरी बोलावून जेवू घालायचा सण. शनिवार तीन दिवसांवर, आणि शांतिपूरला सासूबाई, म्हणजे झरनाची आई, जावयाची वाट बघत बसलेल्या. वय वर्षं शहात्तर, पण या दिवशी त्यांच्या अंगात चार बायकांचं बळ यायचं.

"मा, तेल कमी घाल," झरनाने आदल्या दिवशी फोनवर बजावलं.

"कमीच घालते गं."

"आणि त्यांची ती गोळी बंद आहे. ऐकतेस ना?"

"हो गं बाई, हो. ठेव आता, मासा करपेल."

म्हणजे ऐकलं नव्हतं. झरनाला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रणवेशबाबू कोऱ्या धोतर-झब्ब्यात पाटावर बसले. सासूबाईंनी ताडाच्या पंख्याने वारा घातला, दूर्वांनी पाणी शिंपडलं, मनगटाला पिवळा दोरा बांधला. पुढ्यात पितळी ताट, त्यात आंबे, लिची, जांभळं. झरना स्वयंपाकघरातून पुऱ्यांची परात घेऊन आली, तर सासूबाई जावयाच्या तोंडात काहीतरी घालत होत्या, तीर्थ-प्रसाद भरवावा तशी त्यांची मान वर करून. वर शहाळ्याचं पाणी. प्रणवेशबाबूंचा कंठमणी वर गेला, खाली आला.

"काय दिलंस गं मा?"

"तीच गं, पिवळी. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची ना? मला माहीत आहे, मीही घेते. थोरल्या जावयाला मागच्या साली मटण बाधलं, म्हणून यंदा मी ताटातच ठेवली. फळं, दूर्वा आणि गोळी." आणि जावयाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुखाने जेव हो, बाबा."

झरनाने परात खाली ठेवली. आपटली म्हटलं तरी चालेल. आईला बोलावं, तर सणाचा दिवस. नवऱ्याकडे पाहावं, तर तो हात धुवायला म्हणून लगबगीने उठून गेलेला. तोंड लपवायला, दुसरं काय! दहा दिवस पालथ्या घड्यावर पाणी.

ती परसात फणसाखाली गेली आणि तिने तपासणीवाल्या सुकुमारला फोन लावला. "आमचं शनिवारचं नाव काढून टाक बाबा. यांनी गोळी खाल्ली."

"नक्की ना, बौदी? यादीत एक मास्तरीणबाई ताटकळल्यात. त्यांना देऊन टाकू?"

"देऊन टाक."

जेवणभर साठवून ठेवलेलं परतीच्या बसमध्ये निघालं. आधी नवरा, मग त्याची शपथ, मग कालीमाता, मग हालदारांच्या तीन पिढ्यांची जीभ. प्रणवेशबाबूंनी दोनदा "अगं ऐक तर" म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा रुसून खिडकीबाहेर बघत बसले. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून वळून बघत होती. पण भाऊजींचं नाव तोंडात आलं तेव्हा झरनाने वाक्य तिथेच सोडलं आणि पिशवीचे बंद आवळत बसली.

घरी आल्यावर प्रणवेशबाबूंनी खिशातून रुमाल काढला आणि तिच्यासमोर टेबलावर उलगडला. आत गोळी होती. फुगलेली, वरचा पिवळा रंग रुमालाला लागलेला, पण अख्खी.

"गालात धरली होती. हात धुताना काढली."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणासमोर? सासूबाईंनी हाताने भरवलेलं थुंकलं, असं त्यांच्या अंगणात उभा राहून सांगू? आणि बसमध्ये तू माझ्या आजोबांवरून खाली उतरायलाच तयार नव्हतीस."

तिने सुकुमारला फोन लावला. तो हळहळला. "बौदी, मास्तरीणबाईंना कळवलं पण. आनंदाने रडल्या हो त्या. आता पुढची तारीख दोन आठवड्यांनी, शनिवारी."

प्रणवेशबाबूंनी बोटं मोजली. चौदा आणि वर तीन. या खेपेला ज्याने वचन मोडलं नव्हतं त्यालाच शिक्षा झाली होती, आणि ती झरनाने केली होती. आता हे गल्ली डोक्यावर घेणार, म्हणून तिने खांदे आवळून धरले. ते खुर्चीत बसले, छातीवर हात ठेवला.

"सतरा दिवस," ते म्हणाले. "मुरमुरे आहेत ना घरात?"

तेवढ्यात आईचा फोन आला. "जावयाला बरं आहे ना गं? एवढं जेवला, पण ढेकरसुद्धा आली नाही. म्हटलं नव्हतं? वेळेवर गोळी दिली की झालं!"

"हो मा," झरना म्हणाली. "फार गुण आला."

फोन ठेवून तिने मुरमुरे भिजत घातले, गुलाबी औषधाची बाटली काढून चमच्यासकट नवऱ्याजवळ ठेवली. मग दाराशी जाऊन खुंटीवरची छत्री काढली, उघडली आणि झटकली.

"त्यात काही नाहीये," प्रणवेशबाबू दुखावल्या आवाजात म्हणाले.

"माहीत आहे मला," झरना म्हणाली आणि पुन्हा एकदा झटकली. "पण सतरा दिवस आहेत."