त्याच्या आवाजातलं शिलाई मशीन

पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याच कानांत काहीतरी घोळ आहे. पेनड्राइव्हमधून नवरा बोलत होता, मागे ट्रकचं इंजिन नेहमीसारखं घरघरत होतं, आणि मध्येच शिलाई मशीन चालायला लागलं. तिने समोर पाहिलं. तिचं मशीन बंद होतं, सुईखाली गणवेशाची अर्धी कॉलर तशीच पडली होती. आता धावत्या ट्रकमध्ये शिवायला कोण बसलं असेल?

पुढची फाइल लावली तर तीत ट्रकच नव्हता. फाइलवर तारीख त्याच्या हयातीतली, आणि आतून तिचाच आवाज म्हणत होता, "धाकटीने नोकरी बदलली हो, तुम्हाला सांगायचंच राहिलं." धाकट्या लेकीने नोकरी बदलली ती तो गेल्यानंतर. घाईघाईने तिने लॅपटॉप मिटला आणि त्यावर शिवायचं कापड टाकलं, जणू आतलं जे काही आहे त्याला बाहेरचं दिसू नये.

या दोघांचा संसार अर्धाअधिक रेकॉर्डिंगवरच झाला होता. तो लांब पल्ल्याचा ड्रायव्हर. गाडी चालवताना डुलकी लागू नये म्हणून फोन समोर अडकवून तासन् तास हिच्याशी बोलत राहायचा, आणि मुक्कामाला पोचला की ते सगळं पाठवून द्यायचा. ही सकाळी मशीनवर बसली की ऐकायची आणि शिवता शिवता उत्तर भरायची. समोरासमोर दोघं फारशी बोलत नसत. घरी आला की तो झोपायचा, आणि ही त्याला उठवू नका म्हणून सगळ्यांवर डाफरायची.

तो गेला त्या दिवशीही सकाळी रेकॉर्डिंग आलं होतं. गणवेशांची मोठी ऑर्डर डोक्यावर होती, म्हणून दुपारी निवांत ऐकू असं म्हणून तिने ते ठेवून दिलं. दुपारच्या आत बातमी आली. वळणावर ट्रक उलटला होता. ते रेकॉर्डिंग तिने अजून ऐकलं नव्हतं. ऐकून संपवलं की त्याचं आपल्याशी बोलणंच संपलं, असं तिला वाटे. त्याला काहीतरी सांगायचं बाकी आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती दिवस ढकलत होती.

फोन भरला तेव्हा दिराने सगळी रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर हलवली आणि फोन रिकामा करून दिला. दीर म्हणजे घरातला बिनपगारी इंजिनिअर, त्याला येत नाही असं काही नव्हतं, फक्त केलेलं काम टिकत नसे. पेनड्राइव्हही त्यानेच रस्त्यावरच्या गाडीवरून आणला होता आणि वर ऐटीत म्हणाला होता, वहिनी, यात जन्मभराचं मावेल. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ती रोज नवऱ्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावायची आणि खाली आपलं उत्तर भरायची, तेही त्याच पेनड्राइव्हवर. दोघांचं बोलणं वेगवेगळ्या ठिकाणी कशाला, हा तिचा हिशेब.

आता हे विचित्र प्रकरण सांगितल्यावर दिराने पेनड्राइव्ह काढून फुंकला, शर्टाला पुसला, दुसऱ्या खाचेत लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला. शेवटी म्हणाला की फॉरमॅट मारून बघूया. त्याने सगळं पुसलं जातं हे तिला ठाऊक होतं. तिने त्याच्या हातातून पेनड्राइव्ह अक्षरशः हिसकावला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुरुस्तीवाला मितभाषी होता. तिची हकिकत ऐकून तो हसला नाही, याचंच तिला बरं वाटलं. आधी त्याने पेनड्राइव्हवर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली, मग आतलं सगळं जसंच्या तसं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि बराच वेळ स्क्रीनवर डोळे लावून बसला.

"ताई, याच्यावर छापलीय तेवढी जागा यात नाहीच," तो म्हणाला. "आतली चिप अगदी लहान आहे. हा कॉम्प्युटरला खोटंच सांगतो की अजून भरपूर जागा आहे. आणि मग नवीन टाकलेलं जुन्याच्याच जागेवर लिहितो. वरची नावं राहतात, आतलं जातं."

"नवीन म्हणजे माझं?"

"जे नंतर टाकलं ते," असं म्हणून तो पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागला.

म्हणजे भूत नव्हतं. भूत असतं तर परवडलं असतं, असं तिच्या मनात आलं. रोज सकाळी प्रेमाने बसून ती त्यालाच पुसत होती, शिवण टाकावी तशी, न चुकता. तिने ती शेवटची, न ऐकलेली फाइल दाखवली आणि ती शाबूत आहे का विचारलं. दुरुस्तीवाल्याने समजावलं की मोठी फाइल एका जागी नसते, तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असते, काय वाचलंय ते लावल्याशिवाय कळायचं नाही. लावू का, असं त्याने विचारलं. तिने मान हलवली. त्याने हेडफोन तिच्या हातात दिला आणि आपण उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

इंजिन घरघरलं. तो खाकरला. रस्ता मोकळा आहे म्हणाला, डोळे चुरचुरतायत म्हणाला. मग तो हळूच म्हणाला, "अगं, एक विचारायचं होतं तुला. किती दिवस मनात आहे. हसू नकोस हं. मला सांग..."

आणि मशीन सुरू झालं. खडखड खडखड, आणि त्यावर तिचा आवाज, मोठ्याने, घाईघाईत, "बरं का हो, बटणं महाग झाली पुन्हा." ती बटणांवर बोलत राहिली, शेजारणीच्या पाहुण्यांवर बोलत राहिली, नळाच्या गळतीवर बोलत राहिली. फाइल संपेपर्यंत तीच बोलत होती. मधे एकदाही थांबली नाही.

जे काही शाबूत राहिलं होतं ते सगळं दुरुस्तीवाल्याने चांगल्या पेनड्राइव्हवर भरून दिलं. यात आता बिनधास्त नवीनही टाका, जागा खरी आहे, असंही सांगितलं.

तिने त्यात काहीच टाकलं नाही. आता ती शिवते तेव्हा गप्प असते. लॅपटॉपवर ते शेवटचं रेकॉर्डिंग लावते, "मला सांग" आलं की तिथेच बंद करते, आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवून धरते. लेकी विचारतात, आई, काय ऐकतेस? ती त्यांना हातानेच गप्प बसवते. त्याचं बोलणं अजून पुरं व्हायचं असतं.