अण्णांच्या ओट्यावरचा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. निलंग्याच्या वाटेवरच्या एका गावात अण्णांचं घर आहे. त्या घराच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत, मी कमरेइतका वाळूत रुतून बसलो आहे. शेजारी पाटी आहे : 'अण्णांचा पाणी पिण्याचा रांजण.' खरं सांगू? माझं पाणी सगळ्यांत कमी प्यायले ते अण्णाच. देशाचा कारभार पाहणाऱ्या माणसांत त्यांची खुर्ची होती, त्यामुळे ते सदा दिल्लीला.

व्यंकटी कुंभारानं मला घडवलं. तळ्यातली माती, त्यात घोड्याची लीद आणि राख. त्याच्या बायकोनं ती पायांनी तुडवली. व्यंकटीनं आतून दगडी गोळा धरला आणि बाहेरून लाकडानं थापटत थापटत माझं पोट वाढवलं. भट्टीतून निघालो तेव्हा त्यानं बोटाच्या पेरानं मला टकटक केलं, कान दिला आणि बायकोला म्हणाला, "घुमतंय गं! शंभर माणसं निववील हे."

अण्णांच्या शेजारी पार्वतम्मा राहत. रोज उजाडताच त्या विहिरीवरून चार घागरी आणून मला भरत आणि भरताना गुणगुणत :

माझ्या गं दारामंदी रांजण घामेजला
उन्हाचा वाटसरू ओंजळीत इसावला

घाम हाच आमचा गुण, मित्रांनो. अंगातल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. मातीच्या भांड्याला श्वास असतो तो असा.

बहात्तर साली मोठा दुष्काळ पडला. वाट माणसांनी भरून वाहू लागली. तोवर रीत अशी होती की, घरातल्या कुणी तरी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून पाणी ओतायचं आणि काही लोकांनी लांब, खाली बसून ओंजळ धरायची. अण्णा दिल्लीहून आले आणि त्यांनी हे पाहिलं. माझ्याशेजारी खुंटी ठोकली, तिला ओगराळं अडकवलं आणि म्हणाले, "आजपासून कुणी कुणाला वरून वाढायचं न्हाई. ज्याची तहान, त्याचा हात." चार जुनी माणसं रुसली, पाण्याला यायची बंद झाली. वैशाख लागला तशी तीही आली.

पुढं अण्णा गेले. काही वर्षांनी लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याच्या हौसेत अण्णांचं घर जपायचं ठरलं. भिंतींना चुना लागला, त्यांचा चष्मा आणि काठी कपाटात गेली, माझं ओगराळंही काचेआड गेलं. उद्घाटनाला मोठी माणसं येणार म्हणून रंगवाल्यांनी मला लालभडक, चकचकीत तैलरंग दिला. मला वाटलं, माझं लग्नच आहे! मग भोवती दोरी बांधली. तिच्यावर चिठ्ठी : 'हात लावू नये.'

त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात पुन्हा दुष्काळ आला. विहीर आटली, गावात टँकर येऊ लागला. खडी फोडायच्या कामावरची माणसं दुपारच्या सुट्टीत अण्णांचं घर पाहायला येत. राखणीला रेवणसिद्ध होता, वर्षभरापूर्वी लागलेला, अजून कायम न झालेला, कच्च्या हजेरीवरचा. तो लोकांना लोखंडी बादलीतलं पाणी देई. ते चहासारखं गरम असे.

एक दिवस पार्वतम्मा आल्या. पाठ वाकली होती, जीभ मात्र तशीच.

"रेवणसिद्धा, हे काय कढत पानी पाजून राहिलास? एवढा रांजण उभा हाय की!"

"अम्मा, त्याच्यात पानी भराचं न्हाई. जपून ठेवलेली वस्तू हाय ती."

"वस्तू? आरं, ह्येला मी वीस वरसं पानी पाजलं!" त्यांनी दोरीवरून हात घालून मला टकटक केलं. माझा आवाज बसका आला. त्यांचा चेहरा उतरला. "आन् हा रंग कुनी फासला? मानसाच्या नाकात बोळे कोंबले तर जगंल का? खरवड तो."

"माझी नोकरी खरवडून जाईल, अम्मा."

पार्वतम्मा ओट्याच्या कडेला बसल्या.

तेवढ्यात केरबा आला. खडीच्या कामावरचा म्हातारा, तोंडावर धूळ. बहात्तर सालात तो याच वाटेनं जायचा. त्यानं चिठ्ठी वाचली नाही, त्याला वाचता येत नव्हतं. वहाणा काढल्या, दोरीखालून वाकून आत आला आणि सवयीनं खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी. मग त्यानं माझ्यात हात घातला. हाताला कोळ्याचं जाळं आणि लिंबाची दोन वाळकी पानं लागली.

तो रागावला नाही. पानं हातात धरून म्हणाला, "अण्णा गेले ते पानी बी संगं घेऊन गेले का?"

रेवणसिद्धानं दोरी सोडली आणि पार्वतम्मांना विचारलं, "विटेनं निघंल का हो रंग?"

विटेचा तुकडा, ओली वाळू, काथ्या. तिघांनी दोन दुपारी मला घासलं. लाज वाटावी असा मी दिसत होतो, खरूज झाल्यासारखा. मग पार्वतम्मांनी टँकरच्या पाण्याची आपल्या वाट्याची घागर माझ्यात ओतली. कोरडी माती ती, सगळं पाणी मीच पिऊन टाकलं. बायका कुजबुजल्या, "प्यायला पानी न्हाई आन् ही म्हातारी भिताडाला पाजून राहिली!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा घागर ओतली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कुशीवर दवासारखे थेंब उभे राहिले. पार्वतम्मांनी तळहात लावला आणि तो ओला हात रेवणसिद्धाच्या गालावर ठेवला.

आठ दिवसांनी तपासणीचे साहेब आले. भर दुपार, अंगाची काहिली. मला पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. "हा रंग कुणी काढला?"

"मी काढला, साहेब," रेवणसिद्ध म्हणाला. त्यानं काचेमागून आणलेलं ओगराळं भरून पुढं धरलं.

साहेब प्यायले. थांबले. मग ओगराळं हातात घेऊन दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच भरलं. जाताना शेऱ्याच्या वहीत एक ओळ लिहिली. रेवणसिद्धानं ती पार्वतम्मांना मोठ्यानं वाचून दाखवली : 'रांजणाचा रंग गेला आहे. पुन्हा देऊ नये.'

"साहेब शाना हाय गं बाई," पार्वतम्मा म्हणाल्या आणि घागर उचलून टँकरच्या रांगेला गेल्या.

मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीवर अजून लाल डाग आहे. तिथं मला घाम येत नाही. पाटी तीच आहे, दोरी मात्र आता रेवणसिद्धाच्या शेळीच्या गळ्यात आहे. अण्णांचं घर पाहायला आलात तर चष्मा पाहा, काठी पाहा. पण माझ्यासमोर नुसते हात जोडून उभे राहू नका. खुंटीवर ओगराळं आहे. पाणी प्या आणि जाताना, जमलं तर, एक तांब्या माझ्यात ओतून जा.