पाचटात कोण बसलंय?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नामुंजीतला नव्हे. मला झाडाला पट्ट्याने बांधतात आणि समोरून एखादा ऊबदार जीव हलला की मी आपोआप फोटो काढतो.

वनरक्षक निशिगंधाताईंनी एकदा मला कोडोलीजवळ आकाराम यांच्या उसाच्या बांधावर बांधले. आकारामांची शेळी नाहीशी झाली होती. दुसऱ्या दिवशी दोघे आले. माझ्यात भर दुपारचा एकच फोटो होता. त्यात दिसत होते ते उसाखालचे पाचट, म्हणजे वाळका पाला.

आकाराम म्हणाले, "काय न्हाय की हो मॅडम! नुसता पाला हाय. उद्या मजुरांची टोळी घालतो ऊसतोडीला."

ताईंनी फोटो मोठा केला, फिरवून पाहिला. त्यांनाही काही दिसेना. मी उगाच फोटो काढत नाही, पण हे सांगणार कसे?

तेवढ्यात आकारामांच्या आई, धोंडुबाई, चहा घेऊन आल्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"आगं बया! ह्यो पाला न्हवं, पाठ हाय! ह्यो कान. आनि पोटाशी दोन पिल्लं!"

मग सगळ्यांनाच दिसले. पात्यांतून पडलेले उन्हाचे कवडसे, मधल्या सावल्या आणि बिबट्याच्या मादीचे ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते.

"मग सिंव्हाला का न्हाईत गं ठिपकं?" धोंडुबाईंनी विचारले.

"तो मोकळ्या माळावर, वाळक्या गवतात राहतो, आजी. तिथं सगळं एकाच रंगाचं. बिबट्या सावलीत दबा धरतो. ठिपक्यांमुळं त्याचं अंग कुठं संपतं तेच कळत नाही. म्हणून नक्षी आली असावी, असं शास्त्रज्ञ म्हणतात."

आकाराम उसाकडे बघत म्हणाले, "उद्या बाया कोयतं घिऊन आत शिरल्या असत्या की."

तोड आठ दिवस पुढे ढकलली. पाचव्या दिवशी पहाटे मादीने एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्यापलीकडे नेले. ते फोटोही मीच काढले.

पुढे माझ्यात मुंग्या शिरल्या, भिंग धुरकटले. आता मी कचेरीच्या कपाटात असतो. ताई मात्र तो फोटो शाळाशाळांत दाखवतात.

मित्रांनो, उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलत जा. आत एखादी आई असेल, तर पिल्लांना घेऊन बाजूला व्हायला तिला वेळ मिळेल.