नक्कलवहीतली पाचवी खोली

मित्रांनो, ती बाई माझ्याकडे आली तेव्हा तिला मिळण्यासारखे काय होते, ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही उगाच तिच्यावर संशय घेणार नाही. घर केव्हाच पाडले गेले होते, जागा तिसऱ्याच्याच नावावर होती आणि हक्क सांगायची मुदत उलटून दोन पिढ्या झाल्या होत्या. तिला हवे होते एक नाव. घराण्याची वंशावळ छापली जाणार होती आणि त्यात तिला आपल्या आजीचे नाव हवे होते.

मी प्रोबेट कचेरीतली जुनी नक्कलवही. सहाशे पाने, पाठीला चामडे, कोपऱ्यांना जाड कापड. माणूस गेला, त्याचे मृत्युपत्र कचेरीत खरे ठरले, की त्याची शब्दन्‌शब्द नक्कल माझ्यात उतरायची. माणसे जिवंतपणी जे तोंडावर बोलत नाहीत ते मी पानापानावर वाचले आहे. एकाने मेहुण्याला आपली छत्री ठेवली होती, पण आधी नेलेली परत केली तरच. मोठे साहेब पाहुण्यांना मला उघडून दाखवायचे आणि अक्षराची तारीफ करायचे. मला तेव्हा आकाश ठेंगणे झाले होते.

अक्षर होते नक्कलनवीसाचे. त्याला पानामागे मजुरी मिळे, म्हणून हात भरभर चाले. एके दुपारी त्याच्यासमोर एका लाकडाच्या व्यापाऱ्याचे मृत्युपत्र होते. घराच्या पाच खोल्या पुढीलप्रमाणे द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. बायकोला एक, दोन मुलांना दोन. मग विधवा बहिणीला जिन्यालगतची, ‘तिने तेथे तहहयात राहावे’. मग पहिल्या पत्नीपासून झालेल्या मुलीला मागची, ‘तिने तेथे तहहयात राहावे’. नक्कलनवीसाने बहिणीची ओळ संपवली, टाक दौतीत बुडवला आणि मान वर केली. डोळा पडला तो दुसऱ्या ‘तहहयात राहावे’वर. तिथून तो पुढे लिहीत गेला. मुलगी राहिली त्या कागदावर, माझ्यात आलीच नाही.

अशा चुका पकडायला रुजवात असते. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडत जायचे. पण मूळ कागदाचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. रुजवात घेणारा म्हणाला, “डोळे कशाला फोडायचे? वहीतलंच वाच.” नक्कलनवीसाने मला वाचले आणि दुसऱ्याने माझ्यावरच बोट फिरवले. माझी रुजवात माझ्याशीच झाली. एक अक्षर चुकले नाही. खाली सही पडली, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’.

महिन्याभरात त्या मुलीचे सावत्र भाऊ माझ्यावरून दाखला घेऊन गेले.

पुढे कचेरीत जागा अपुरी पडू लागली. सगळे वहीत आहे, मग मूळ कागदांची अडगळ कशाला, असे साहेबांनी ठरवले. गठ्ठे मागच्या अंगणात जाळले. मी खिडकीतून धूर पाहिला आणि, खरे सांगते, मला बरेच वाटले. आता माझ्यावाचून कुणाचे पान हलणार नव्हते.

झाले उलटेच. नव्या वह्या आल्या, मी वरच्या फळीवर गेले आणि वर्षानुवर्षे मला कुणी हात लावला नाही. मग ही बाई आली. साठीची, शिवणकाम करून मुले वाढवलेली. तिने दफ्तरदाराला सगळे सांगितले. आजी मरेपर्यंत म्हणत होती, की बापाने मला मागची खोली लिहून ठेवली होती. घरातले म्हणत, ती कसली मुलगी, कामाला ठेवलेली पोर होती. वंशावळ लिहिणारे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ नात्याने तिचे मामा, त्या सावत्र भावांपैकी एकाचा मुलगा. ते म्हणाले होते, कागद आण, नाव घालतो.

दफ्तरदाराने मला खाली काढले, धूळ झटकली, पान काढून दिले. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. शेवटपर्यंत पोचली आणि पुन्हा वर आली. तिसऱ्या वेळी ती थांबली. कापडाचे तुकडे मोजण्यात जन्म गेलेली बाई ती.

“दादा, खोल्या पाच म्हणतात. वाटल्यात चारच.”

दफ्तरदाराने चष्मा पुसला, स्वतः मोजले. मित्रांनो, माझी सहाशे पाने त्या क्षणी श्वास धरून होती.

“खरंय ताई,” तो म्हणाला. “एक कमी आहे. पण कुणाची कमी आहे, ते यात नाही. ते मी कसं लिहून देऊ?”

तिने मूळ कागद मागितला. त्याने नष्ट केलेल्या कागदांची यादी उघडून दाखवली. शेऱ्यात लिहिले होते, ‘नक्कल वहीत आहे’. मग निदान एक खोली कमी भरते एवढे तरी लिहा, असे ती म्हणाली. त्याला तो अधिकार नव्हता. त्याने मन लावून नक्कल केली, शिपायाला वाचायला बसवून नीट रुजवात घेतली आणि शिक्का मारला. चार खोल्या, जशाच्या तशा.

दोन महिन्यांनी मामा स्वतः आले, छापलेली वंशावळ कचेरीला भेट म्हणून द्यायला. दफ्तरदाराने ताईंची चौकशी केली.

“तिनंच तर कागद आणून दिला,” मामा म्हणाले. “इतकी वर्षं नुसतं तोंडी होतं. मुलगे दोन, मुलगी नाही. आता कुणाला बोलायला जागा नाही.”

“आणि पाचवी खोली?”

“असेल अडगळीची.”

“अडगळ कोण मृत्युपत्रात मोजतं, साहेब?”

मामा हसले आणि चहा न घेता गेले. पुस्तक माझ्याच शेजारी ठेवले आहे. सातव्या पानावर तळटीप आहे आणि आधार म्हणून माझा क्रमांक दिला आहे.

मित्रांनो, अशा गोष्टी संपताना ‘आम्हाला जपा’ असे म्हणायची पद्धत आहे. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला तर चांगले जपले. तुमच्या घरात एखाद्या पूर्वजाच्या हातचा कागद असेल, तर त्याची नक्कल झाली म्हणून तो टाकू नका. आणि ताडून पाहाल तेव्हा त्या कागदाशी ताडा.

आता कोणाच्या वाट्याला काय आले तेवढे सांगते. नक्कलनवीसाला पानाची पुरी मजुरी मिळाली. रुजवात घेणारा पुढे बढतीवर गेला. भावांना एक खोली जास्त आली, मामांना निर्वेध पुस्तक. आजीला पेटी उचलून बाहेर पडावे लागले. शोधाची फी, नकलेची फी आणि शिक्क्याचे पैसे नातीने भरले. मृताच्या वंशजांना या कचेरीत निम्मा दर आहे. तिला नाते दाखवता आले नाही, म्हणून तिच्याकडून परक्याचा, पुरा दर घेतला.