सुटी चावी

गाड्यांच्या वायरिंगमध्ये मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःच दिवसातून दोनदा ऐकवत. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या जुडग्यातून गाडीची चावी तेवढी काढून घ्यायची, बाकीचा जुडगा जागच्या जागी परत. उद्या कुणाच्या घरातला चमचा हरवला तरी मिस्त्रीचं नाव निघायला नको! तीस वर्षांत कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती त्यांनी.

लेकीची गाडी चालता चालता बंद पडू लागली. लेक गोदामावर मुख्य. तिच्या जुडग्यात चौदा कुलपांच्या चाव्या, उचलला तर मनगट दुखावं. मिस्त्रींनी त्यातूनही चावी तेवढी काढून घेतली. घरचं माणूस म्हणून रीत मोडायची की काय? तीनदा तिनं गाडी आणली, तिन्ही वेळा त्यांनी ती शहरभर फिरवली. बंद पडेल तर शपथ.

"बाबा, खड्ड्यात आदळली की हमखास बंद पडते हो."

"मग माझ्या हातात का नाही पडत? तू मुळातच घाबरट. जा बिनधास्त."

त्यानंतर चौथ्या दिवशी उतारावर गाडी मेली, स्टिअरिंग दगडासारखं झालं आणि गाडी उभ्या ट्रकवर जाऊन आदळली. लेकीचा हात मोडला. शेजारी बसलेल्या जावयानं आज अकरा दिवस झाले तरी डोळे उघडले नव्हते.

मिस्त्री पोलिसांच्या आवारात गाडीतलं सामान आणायला गेले. गाडीला लावलेल्या चावीत जुडगा अजून तसाच लोंबत होता. त्यांनी सवयीनं चावी फिरवली, दिवे लागले. दार ओढलं, जुडगा हलला आणि दिवे विझले. पुन्हा लावले, जुडग्याला टिचकी मारली. पुन्हा विझले. आतून झिजलेला इग्निशन स्विच, त्याला एवढं वजन कुठलं पेलायला!

"अरे देवा," म्हणून मिस्त्री तिथंच खाली बसले. सुट्या चावीवर हे त्यांना जन्मात दिसलं नसतं.

तसेच ते दवाखान्यात गेले. बाकावर विहीणबाई आणि मोडका हात गळ्यात बांधलेली लेक. पोरीला गाडी चालवताना झोप लागली, असं विहीणबाई येईल त्याला सांगत होत्या.

"पोरी, स्विच खराब होता. जुडग्याच्या वजनानं चावी मागं सरकायची. मी सुटी चावी लावून तपासला. चूक माझी आहे."

"घ्या!" विहीणबाई म्हणाल्या. "लेकीला पाठीशी घालायला आता स्वतःच्या अंगावर घेतायत."

"अहो, दाखवतो ना! चला माझ्याबरोबर, आत्ता चला!" मिस्त्रींचा आवाज चिरकला.

"पुरे, बाबा." लेकीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही तीनदा तपासली होती. झोपच लागली असणार मला. आता तर तसं आठवायलाही लागलंय."