कुत्रा टेबलावर चढतो तेव्हा

धाकटा हसायला लागला तेव्हा कुत्रा अजून टेबलाखालीच होता.

आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पडद्यावर हसण्यासारखं काही चाललं नव्हतं. पाहुणे जेवायला बसत होते, कोणीतरी खुर्ची ओढत होतं, आणि धाकटा तोंडावर दोन्ही हात दाबून गदगदत होता. ताईने त्याला कोपराने ढोसलं. मग कुत्रा टेबलावर चढला, टेबलावरचं कापड ओढलं गेलं, ताटंवाट्या खळाखळा खाली आल्या आणि सगळे हसले. धाकटाही हसला, पण एव्हाना त्याचं हसू सरलं होतं.

"तुला काय आधीच दिसलं का रे?" आईने विचारलं.

"त्याला कशाचंही हसू येतं," ताई घाईने म्हणाली. "येडाच आहे तो."

बाबांनी मक्याच्या लाह्यांचं भांडं आईपुढे सरकवलं. "घे ना. गार होतायत."

आईने प्लास्टर नसलेल्या हाताने मूठभर लाह्या घेतल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

ती लिफ्ट दुरुस्त करायची. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट तिच्या कंपनीकडे होत्या, आणि त्यांतली एखादी कधीही, मनाला येईल तेव्हा, दोन मजल्यांच्या मधे हटून बसायची. मग कामाचा फोन वाजायचा. घरात सगळ्यांत जास्त लाड त्या फोनचेच होते. जेवताना तो ताटाशेजारी असायचा, आई आंघोळीला गेली की न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर बसायचा. तिचं स्वतःचं घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार, असं जिना चढताना धापा टाकणारे शेजारी तिला ऐकवायचे, आणि तीही हसून घ्यायची.

सिनेमा रंगात आला की फोन वाजायचा, हे तर ठरलेलंच. ती उठून हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची, आणि मुलं एका सुरात ओरडायची, "आम्ही थांबतो! तू आल्यावर पुढचं!" आईशिवाय पुढचं कोणी बघायचं नाही, असा घराचा नियमच होता. कुठल्याशा इमारतीत बंद दाराला कान लावून, आत किती माणसं आहेत, कोण घाबरलंय याचा अंदाज घेत, "झालंच हं, दाराला हात लावू नका," असं सांगताना तिला हटकून आठवायचं, की तिकडे घरी एक चित्र पडद्यावर जागच्या जागी उभं राहून तिची वाट बघतंय. त्या आठवणीवर तिचे हात भराभर चालायचे. ती परत येईपर्यंत मुलं बहुधा झोपलेली असायची आणि पुढचं राहून जायचं, ते पुढल्या कुठल्यातरी रविवारी. पण नियम तो नियम. कामावरच्या जोडीदाराला तिने हे किती वेळा सांगितलं असेल. "माझी पोरं तशी नाहीत," ती म्हणायची. जोडीदाराची पोरं मोठी होऊन लांब गेली होती. तो नुसता मान हलवायचा.

मग एका यंत्रखोलीच्या शिडीवरून तिचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. महिनाभर घरी बसायला सांगितलं गेलं आणि फोन जोडीदाराकडे गेला. दुखत होतं, तरी ती खूश होती. एवढा रिकामा वेळ तिला लग्नानंतर मिळाला नव्हता.

"महिनाभर नुसती मजा," तिने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं. "अर्धे राहिलेले सगळे सिनेमे पुरे करायचे. एकही सोडायचा नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताईने बाबांकडे पाहिलं होतं का त्या वेळी? पाहिलं असेल. तेव्हा आईचं लक्ष नव्हतं.

सुरुवातीचे दिवस खरंच छान गेले. बागेत जाऊन आइस्क्रीम झालं. तिथे धाकट्याने झोक्यावर उभं राहून आईचा जीव टांगणीला लावला. पत्ते रंगले, आईचे पत्ते धाकटा धरायचा आणि आपलेच समजून खेळायचा, त्यामुळे तो दोन्हीकडून जिंकायचा. पण घरात राहायला लागल्यावर घर दिसायला लागतं. जेवायच्या टेबलाशी तिची जी खुर्ची होती तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत असायची. ती बसायला आली की बाबा लगबगीने चळत उचलायचे, आणि ती उठली की चळत परत जागेवर. एकदा जेवताना धाकटा मधेच म्हणाला, "निळा मोजा!" आणि तिघंही हसून हसून लोळले.

"काय ते? मलाही सांगा की," आई म्हणाली.

तिघांनी मिळून सांगितलं. कुठल्याशा सकाळी निळा मोजा सापडत नव्हता आणि तो शेवटी बाबांच्या खिशातून निघाला. आई हसली. पण सांगितलेल्या गोष्टीत ती गंमत उतरली नव्हती, आणि सांगणाऱ्यांनाही ते कळलं. त्यानंतर निळ्या मोज्याचं नाव तिच्यासमोर कोणी काढलं नाही.

कुत्र्याच्या सिनेमानंतर दोनतीन दिवसांनी ती टॉवेल ठेवायला मुलांच्या खोलीकडे निघाली होती. दार लोटलेलं होतं.

"आज जहाजाचा आहे," आत ताई सांगत होती. "म्हातारा पाण्यात पडतो ना, तेव्हा 'अरे बापरे' म्हणायचं. पडायच्या आधी नाही."

"पण मला माहीत असतं ना तो पडणार ते."

"म्हणूनच सांगतेय ना, माठ्या. तू माझ्याकडे बघत राहा. मी हसले की हसायचं. आपल्या मनाने हसायचं नाही."

"आणि मला आधीच आलं तर?"

"तर तोंडात उशी कोंब."

धाकट्याने थोडा विचार केला असावा. "आपण आईला सांगूनच टाकूया ना, की आपण सगळे बघितलेत."

"नाही सांगायचं. बाबा काय म्हणाले? ती तिकडे दमते, आणि आपण थांबलोय असं तिला वाटतं म्हणून तिला बरं वाटतं. तेवढं तर करशील ना आईसाठी?"

"करीन," धाकटा म्हणाला.

आई टॉवेल घेऊन तशीच मागे फिरली. तिला रडू आलं नाही. रागवावं म्हटलं तर रागवण्यासारखं कोणी काही केलंच नव्हतं. लहान पोरं, आई निघून गेली म्हणून अर्ध्या सिनेमासमोर किती वेळ बसून राहणार? तिला वाईट वाटलं ते फसवल्याचं नव्हे. पाहुणा यायच्या आधी घर आवरतात, तशी ती येण्याआधी हे तिघं आवरून बसत होते, याचं तिला फार, फार वाईट वाटलं.

स्वयंपाकघरात बाबा कप पुसत होते. इमारतींचे नकाशे काढायचं त्यांचं काम घरीच चालायचं, त्यामुळे घराचा कारभारही त्यांच्याच हाती होता.

"ते राहिलेले सिनेमे," ती म्हणाली.

"हं?" त्यांनी मान वळवली नाही.

"काही नाही. चांगले आहेत."

"आहेत ना," बाबा म्हणाले आणि कोरडा झालेला कप पुन्हा पुसू लागले.

त्या संध्याकाळी जहाजावरचा म्हातारा पाण्यात पडला तेव्हा चौघंही एकदम म्हणाले, "अरे बापरे!" धाकटा ताईकडे बघून, ताई आईकडे बघून आणि बाबा कोणाकडेच न बघता. आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

असेच बाकीचेही पार पडले. शिकायला काही फार वेळ लागत नाही.

महिना संपता संपता प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात पांढरा आणि बारका दिसत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. दुपारी जोडीदार येऊन फोन देऊन गेला. संध्याकाळसाठी आईने एक नवा सिनेमा शोधून ठेवला होता, नुकताच आलेला.

"हा नाही ना बघितलेला कोणी?" तिने विचारलं.

"आम्ही कशाला बघू तुझ्याशिवाय?" ताई म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, वेगळ्याच आवाजात ती म्हणाली, "हा खरंच नाही गं बघितलेला. शप्पथ."

गाद्या अंथरल्या, लाह्या फुटल्या, दिवा मालवला. फोन लाह्यांच्या भांड्याशेजारी होता. सिनेमा मजेदार होता. एक जाडजूड मामा चोरून घरात शिरायला म्हणून खिडकीत चढला आणि मधेच अडकला. निम्मा आत, निम्मा बाहेर. त्याची पँट खाली घसरू लागली. आईला हसू फुटलं आणि तिने शेजारी पाहिलं.

धाकटा पडद्याकडे बघतच नव्हता. तो ताईच्या तोंडाकडे बघत होता. ताईलाही ठाऊक नव्हतं, की इथे हसायचं का अजून पुढे. ती गोंधळून आईकडे बघत होती. मामाची पँट पार खाली गेली, बाहेरच्या बायका किंचाळल्या, आणि धाकटा उशी पोटाशी धरून, डोळे मोठे करून, कोणीतरी हस म्हणायची वाट बघत राहिला. मग त्याची नजर फोनवर गेली. ताईचीही. बाबा तर मघापासूनच तिकडे बघत होते.

आईने फोन उचलून कानाला लावला.

"हो. बोला," ती म्हणाली. "किती माणसं आहेत आत? बरं. दाराला हात लावू नका म्हणावं. आलेच मी."

"वाजला कधी?" बाबांनी विचारलं.

"आवाज बंद केलाय मी. सिनेमात नको म्हणून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातल्या काळ्या, न उजळलेल्या फोनकडे पाहिलं. ते उठले, त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी आणली आणि तिच्या चांगल्या हाताच्या खांद्याला लावून दिली.

"आम्ही थांबतो!" ताई म्हणाली. "तू आल्यावर पुढचं!"

"तू आल्यावर पुढचं!" धाकटाही ओरडला.

"बरं," आई म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

जिन्यावर ती चपला घालूनही उभीच राहिली. आत सगळं शांत होतं. सिनेमा खरंच थांबवला होता. थांबतीलही, तिच्या मनात आलं. आज थांबले तर? खरंच थांबले, तर ती एवढ्यात परत येईल, खोटा फोन होता म्हणेल, आणि धाकट्याला मांडीवर घेऊन बसेल. तिने दाराला कान लावला. आत तिघंजण होते. घाबरलेलं कोणी नव्हतं.

मग संगीत सुरू झालं. बायका पुन्हा किंचाळल्या. मुलांनी जरा मागे नेऊन लावला असावा. आणि धाकटा हसला. आधी नाही, नंतर नाही, पँट पडली तेव्हाच हसला, खदाखदा, ठसका लागेपर्यंत.

भाजीची पिशवी घेऊन वर येणाऱ्या शेजारच्या काकू तिला बघून थबकल्या. खांद्याला हत्यारं आणि कान दाराला.

"काय गं, आत कोणी अडकलंय का?"

"नाही हो काकू," आई म्हणाली. "कामावर निघालेय."

तिने बाजूला होऊन त्यांना वाट दिली आणि कठड्याला धरून ती जिना उतरू लागली.