न सांगता वाजणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. हात धुतल्यावर खाली धरायचे आणि गरम वाऱ्यात वाळवायचे, तोच मी. एका मोठ्या मनोरंजन उद्यानात, बायकांच्या स्वच्छतागृहात, दोन बेसिनांच्या मधल्या भिंतीवर मी अकरा वर्षे लटकलो आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्याखाली हात धरले असतील आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नसेल. त्याचा मला राग नाही. पूर्वी होता. आज सांगायचे आहे ते वेगळेच. स्वतःचाच आवाज ऐकून मी हादरलो, तो दिवस.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, मोटार बसवली, पोटात तारेचे वेटोळे घातले आणि खाली एक बारीक काळा डोळा लावला. समोर काही हलले की त्या डोळ्याला कळते आणि मी वाजू लागतो. तपासनिसाने मला पहिल्यांदा चालू केले तेव्हा शेजारच्या टेबलावरचे कागद उडाले. तो म्हणाला, "वा! आवाज दणदणीत आहे." मी फुगून गेलो. मोठा आवाज म्हणजे मोठे काम, ही समजूत तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्की बसली.

पहिली काही वर्षे माझा रुबाब होता. पाण्याच्या घसरगुंडीवरून निथळत आलेल्या मुली डोकेच माझ्याखाली घालायच्या आणि केस उडाले की खिदळायच्या. सफाईच्या मावशींनी माझे नाव भोंगा ठेवले. त्या मला रोज ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायच्या. मग शेजारी कागदी रुमालांची पेटी आली आणि माझा भाव उतरला. म्हातारपणी इतरांची नजर अधू होते, माझी मात्र फाजील तीक्ष्ण झाली. कोणी नुसते समोरून गेले तरी मी वाजायचो. मावशींनी वायरमनला सांगितले. तो "बघू" म्हणाला. त्याच्या त्या "बघू"ला दोन वर्षे झाली. माझे बटण तेव्हा छताजवळ होते. उद्यान बंद होताना मावशी फरशी पुसायच्या दांड्याने ते खाली पाडायच्या, एवढीच माझी विश्रांती.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. एका बाईने दारातून डोकावून पाहिले आणि मागे वळून म्हणाली, "टिकले, कोणी नाही. ये. अगदी कार्डासारखंच आहे बघ."

टिकली आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या गळ्यात एका कडीत ओवलेली कार्डे होती. प्रत्येक कार्डावर एक फोटो. फाटक, फिरते घोडे, जेवायचे बाक, आमचे स्वच्छतागृह आणि सगळ्यात शेवटी छोटी आगगाडी. एक झाले की ते उलटायचे, मगच दुसरे. हे फोटो तिच्या आईने आठवड्यापूर्वी एकटीने येऊन काढले होते. लेकीला कुठेही अचानक काही समोर येऊ नये म्हणून तिने एवढा घाट घातला होता. आमच्या फोटोत बेसिन होते, आरसा होता आणि काठावर माझा पांढरा कोपरा होता. पण फोटोला आवाज नसतो, मित्रांनो. एवढेच त्या माउलीच्या लक्षात आले नव्हते.

टिकली चार पावले आत आली. तेवढ्यात मोठी पिशवी घेतलेली एक बाई घाईघाईने शिरली आणि माझ्यासमोरून गेली. मी वाजलो.

त्या मुलीने कान दाबले आणि अशी किंचाळली की तिला कोणी मारले, असेच मला वाटले. कोण मारते आहे म्हणून मी बघू लागलो. कोणीच नव्हते. ती बेसिनखाली घुसली, तिचे डोके भिंतीवर आपटले. तिला उचलायला आई वाकली आणि आईची पाठ माझ्या डोळ्यासमोर आली. मी पुन्हा वाजलो. ती किंचाळली. आई एका बाजूला सरकली, मी पुन्हा वाजलो. जितकी आई तिला जवळ घ्यायला धडपडत होती, तितका मी वाजत होतो आणि जितका मी वाजत होतो, तितकी ती आईला लाथा मारत होती. मला थांबायचे होते. मला थांबता येत नाही, हे मला त्या क्षणी कळले.

"एवढी मोठी मुलगी आणि हा तमाशा!" पिशवीवाली बाई म्हणाली. "लाडावून ठेवलंय नुसतं."

आईने तिच्याकडे पाहिले नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. अकरा वर्षांत कोणी माझ्याकडे तसे पाहिले नव्हते. पायाखालची जमीन सरकली, असे तुम्ही म्हणता. मला पाय नाहीत, मी चार स्क्रूंवर टांगलेला आहे. पण ते चारही स्क्रू एकदम निखळल्यासारखे मला वाटले. तिला मारणारा मीच होतो.

आई तिला फरफटत बाहेर घेऊन गेली.

अर्ध्या तासाने दोघी पुन्हा दारात दिसल्या. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते. टिकली उंबरठ्याबाहेर पाय एकमेकांत अडकवून उभी होती आणि आमचे कार्ड तिने मुठीत घट्ट धरले होते. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. तेवढ्यात मावशी पोछा घेऊन आल्या.

"काय झालं हो ताई? मघापासून बघतेय तुम्हाला."

"सकाळपासून गेलेली नाहीये ही. पण ते मशीन..."

"कोण, भोंगा? अहो, तो काय खातोय होय! चल गं बाळ, मावशीचा हात धर."

टिकलीने तो हात झटकून टाकला. मावशींचा चेहरा पडला. "हट्टी आहे हो पोर."

"हट्ट नाही हो मावशी." आईचा आवाज चिरकला. "स्वमग्न आहे ती. आवाज आपल्या कानात वाजतो, तिच्या सगळ्या अंगावर येतो. आणि हे कार्ड झाल्याशिवाय ती पुढचं उलटणार नाही. पुढचं आगगाडीचं आहे. तीन महिने रोज सकाळी उठून ती त्या कार्डावर हात फिरवतेय. शेवटची फेरी पाचला सुटते. काय करू, सांगा."

त्याच वेळी बाहेर आगगाडीची शिट्टी वाजली, कान किटवणारी. आणि टिकली चक्क हसली! टाचा उचलून दोनदा उडी मारली तिने.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "ही शिट्टी तर भोंग्याच्या वरताण आहे. हिला कशी चालते?"

"ती सांगून वाजते. ड्रायव्हर आधी हात वर करतो, मग वाजवतो. आम्ही लांबून दहादा पाहिलंय. हा कधी वाजेल याला काही नेमच नाही."

मित्रांनो, हा माझ्यावरचा दुसरा घाव होता. इतकी वर्षे मी माझ्या आवाजाच्या आकाराचा गर्व केला. तो न सांगता कोणाच्या अंगावर जातो आहे, हे मी कधी पाहिलेच नाही.

मावशींनी पोछ्याचा दांडा उलटा धरला आणि भर दिवसा माझे बटण खाली पाडले.

"मेला एकदाचा. ये गं आता."

टिकली हलली नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हात."

मावशींना उमगले. त्यांनी माझ्याखाली हात धरला. मी गप्प.

"परत."

मावशींनी परत धरला. पुन्हा "परत". असे सात वेळा झाले. मावशी सातही वेळा एखादे सरकारी काम करावे तशा गंभीरपणे हात पुढे करत होत्या, एकदाही हसल्या नाहीत. तेवढ्यात आणखी दोघी-तिघी आल्या. एक कुरकुरली, "बंद पडलाय वाटतं."

"पडला नाही, ठेवलाय," मावशी म्हणाल्या. "थांबा जरा बाहेर. आत लेक जातेय."

टिकली आत आली. भिंतीला पाठ लावून, माझ्यावरची नजर न काढता, एकेक पाऊल. मग आतल्या दाराची कडी लागली. आणि त्या शांततेत मी अकरा वर्षे राहिलेल्या खोलीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. डाव्या नळाचे थेंब पडत होते. दाराला टेकून आई नाक ओढत होती. आणि कडीच्या आत ती मुलगी आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यात गुणगुणत होती. असे किती जणांचे गुणगुणणे मी बुडवले असेन, कोण जाणे.

ती बाहेर आली, हात धुतले, झटकले आणि कार्ड उलटले. पाचला सात मिनिटे होती. दोघी पळत सुटल्या. बरोबर पाचला शिट्टी वाजली. मावशी दांड्यावर हनुवटी टेकवून ती संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

जाताना त्या दोघी दारात थांबल्या. बटण अजून बंदच होते. मावशींनी आगगाडीच्या ड्रायव्हरसारखा हात वर केला आणि टिकलीला विचारले, "लावू का?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ती रडली नाही, कान दाबले नाहीत.

"नको," ती म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

बस, एवढेच. पण कोणाला तरी विचारून मला गप्प ठेवायची ही पहिलीच वेळ होती. आणि त्या मुलीचा "नको" किंचाळीवाचून ऐकला गेला, हेही त्या दिवशी पहिल्यांदाच झाले असावे. मला आनंद झाला म्हणावे, तर अजूनही मी त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी वायरमनला हाताला धरून आणले. "बघू नको, कर," म्हणाल्या. माझे बटण आता हात पोहोचेल इतके खाली आले आहे आणि ते बंदच असते. शेजारी मावशींच्या हातचा कागद चिकटवला आहे, "लावण्याआधी विचारा". पुष्कळ जणी तो वाचून हसतात. काही जणी मात्र मागे वळतात आणि बंद दारांकडे बघून विचारतात, "लावू का?"

मित्रांनो, तुमचाही आवाज दणदणीत असेल. कोणीतरी त्याचे कौतुकही केले असेल. माझे एवढेच मागणे आहे, वाजण्याआधी हात वर करा. परवाच एका दारामागून बारीक आवाज आला, "नको." बेसिनपाशी उभ्या असलेल्या आजींनी मुकाट्याने हात पदराला पुसले. मी गप्प राहिलो. आत कोणीतरी गुणगुणत होते.